खुर्चीखालचा देश

माणसाला यायचं नसेल तर त्याने येऊ नये. पण चपला हातात घेऊन, भिंतीला घासत, चोरासारखं जिना उतरू नये, असं खिळेमावशींचं स्पष्ट मत होतं. आणि वरची लांबडी गेले कित्येक दिवस नेमकं तेच करत होती.

तिला वाटत होतं, खाली कळत नाही. खाली सगळं कळत होतं. जिना दुकानाच्या भिंतीला लागूनच वर गेला होता आणि त्या भिंतीला पाठ लावून मावशी उभं आयुष्य बसल्या होत्या. कुठल्या पायरीवर कोणाचा पाय पडला, हातात पिशवी आहे की मोकळे हात, भांडून आलाय की हसून, हे त्यांना पाठीतून कळायचं. एरवी लांबडी उतरायची ती वरून बटाट्याचं पोतं सोडल्यासारखी. आता नुसती मधली पायरी कुरकुरायची आणि मग शांतता. म्हणजे बाईसाहेब त्या पायरीवर श्वास धरून उभ्या. मग दाराची कडी हळूच सरकायची, आणि लांब ढांगा टाकत स्वारी गल्लीच्या टोकाला पसार.

हिच्या पायात काटे भरलेत की माझ्या दारात पेरलेत, असं मावशींनी एकदा सुनेला विचारून पाहिलं. सून मान खाली घालून उशीचा अभ्रा उलटा करत होती. तिने तोंडातल्या तोंडात काहीतरी केलं. ते हसणं होतं की खोकला, मावशींना ठरवता आलं नाही, आणि न ठरवता आलेली गोष्ट त्यांना दिवसभर खुपत राहिली.

दुकान सोफे-खुर्च्या नव्याने मढवायचं. जुनं कापड फाडायचं, आतल्या स्प्रिंगा सुतळीने आवळायच्या, खालचे पट्टे ताणायचे, काथ्या-कापूस बदलायचा आणि वरून नवं कापड असं बसवायचं की सुरकुती शोधायला भिंग लागावं. काम वडिलांकडून आलेलं. लग्न झाल्यावर मावशींनीच ते नवऱ्याला शिकवलं आणि नवरा गेल्यावर मुलाला. मुलगा लाकूड बघायचा, सून शिलाई, आणि ताणणं-ठोकणं मावशींचं. बारीक खिळे मूठभर तोंडात टाकायचे, जिभेने एकेकाचं डोकं पुढे करून ओठांवर आणायचं, चुंबकाच्या हातोडीने तिथूनच उचलायचं आणि ठक. हात कापडावरून हलायचाच नाही. गल्लीने त्यांना खिळेमावशी म्हणायला सुरुवात केली ती ह्यामुळे. खिळे नसताना त्या तोंडातून जे बाहेर पडतं त्यामुळे हे नाव पडलं, असंही काही लोक म्हणत. पण ते मावशींच्या पाठीमागे, आणि बऱ्याच लांबून.

दुकानात कायदा एकच. मावशींच्या तोंडात खिळे असले की त्यांच्याशी बोलायचं नाही. कारण बोललं की त्या उत्तर देणार, उत्तर दिल्याशिवाय त्यांना राहवणार नाही, आणि उत्तराच्या भरात खिळा घशात जाणार. एकदा तसं झालं होतं. गिऱ्हाइकाने विनोद केला होता, तोही धड नव्हता. तेव्हापासून घरचे असोत की बाहेरचे, खिळे संपेपर्यंत सगळे हाताची घडी घालून उभे. दुकानाला आग लागली तरी माझी बायको आधी खिळे संपायची वाट बघेल, असं मुलगा म्हणायचा.

आणि आता वरच्या दोघींचं.

एक लांबडी आणि एक चष्मेवाली. मावशींचीच वरची खोली भाड्याने घेऊन दोघी चित्रं काढायच्या. पोरांच्या पुस्तकांसाठी, खेळांच्या खोक्यांसाठी. पंखांचे घोडे, आग ओकणारे अजगर, ढगात लोंबकळणारे किल्ले. ह्याला काम म्हणतात का, असं मावशींनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, आणि लांबडीने विचार करून, अजून नक्की नाही, असं उत्तर दिलं होतं. ते मावशींना आवडलं. पुढे त्यांची मोडकी खुर्ची खाली दुरुस्तीला आली. मावशींनी ती उलटी करून तिचं पोट फाडलं, तर दोघी दुकानातून हलेनात. स्प्रिंगांकडे अशा बघत राहिल्या की जणू आत खजिना सापडलाय. त्या दिवसापासून दुपारचा चहा खालीच. लांबडी अर्ध्या मढवलेल्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसायची, चष्मेवाली काथ्याच्या गठ्ठ्यावर. मावशी दोघींना टोमणे मारायच्या, त्याही उलट बोलायच्या. सून म्हणायची, आई ह्या दोघींशी बोलतात तशा आमच्याशी कधी बोलल्या नाहीत. खरंच होतं ते. घरात त्या आई होत्या, दुकानात मालकीण, गल्लीत खिळेमावशी. नुसती मैत्रीण त्या कोणाचीच नव्हत्या. तेवढ्यासाठी वेळ कोणाला होता?

मग ती दुपार आली. मावशी एका भल्यामोठ्या आरामखुर्चीखाली पाठीवर झोपून तळाचं कापड कापत होत्या. लांबडी शेजारी येऊन आडवी झाली, चष्मेवाली दुसऱ्या बाजूने सरपटत आत आली. तिघी वर बघत. आणि मावशींच्या तोंडून निघून गेलं, "हे डोंगर. आणि ती सुतळी दिसते ना, ती नदी."

एकदा निघाल्यावर थांबतंय कशाला. त्या लहान होत्या तेव्हा वडील वर काम करत आणि ही खाली, खुर्चीच्या पोटाखाली. शाळा दोन-चार इयत्तांतच सुटली होती. पट्टा धरायला हात हवा होता. पट्टा धरून झाला की पुढच्या हाकेपर्यंत तिचा देश. स्प्रिंगांचे डोंगर, काथ्याचं जंगल, लोखंडी चोचींचे पक्षी. वर गिऱ्हाईक बसून बघायचं तेव्हा त्या देशाचं आभाळ खाली यायचं, आणि सगळी जनता डोक्यावर हात घेऊन पळायची. मोठ्या आरामखुर्चीत एक जनावर राहायचं, त्याचं नाव गुरगुऱ्या. स्प्रिंग कुरकुरली की तो जागा झाला. त्याच्या पाठीवर बसायचं आणि सगळा देश वरून बघायचा, एवढीच तिची इच्छा. पण ती त्याच्या जवळ जायची, पाठीवर हात ठेवायची, आणि नेमकी वडिलांची हाक यायची, "बाहेर ये, गिऱ्हाईक आलंय." एकदाही बसता आलं नाही. मग उंची वाढली, खुर्चीखाली मावेना, आणि विषय संपला.

हे मावशींनी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. दोघी हसल्या नाहीत. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, लांबडीने गुरगुऱ्याचे पाय कसे होते ते विचारलं, चष्मेवालीने पक्ष्यांचं. मावशींनी सगळं नीट सांगितलं. आणि दुसऱ्या दिवसापासून दोघी चहाला यायच्या बंद झाल्या.

आता ह्याचा अर्थ काय लावायचा? मावशींनी लावला तो असा की म्हातारी वेडी आहे, असं पोरींचं ठरलं. वरून हसण्याचे आवाज यायचे, ते दोघींचे असायचे, आणि मावशी खाली हातोडी जरा जास्तच जोरात मारायच्या. देश तर दिला, वर माणसंही गेली. वय झालं की जीभ सैल सुटते, हेच खरं, असं त्या स्वतःला सुनवायच्या.

त्यात एक दिवस चष्मेवाली खाली आली ती चहाला नाही, कापड मागायला. जाडजूड, भरपूर रुंद, फाटणार नाही असं. कशाला हवं, तर म्हणे असंच. मावशींनी ताग्यातलं चांगलं कापड कापून दिलं. त्यानंतर वरून रंगाचा वास यायला लागला. मावशींना तेवढं पुरे होतं. जाड कापड कशाला, तर सामान बांधायला. रंग कशाला, तर खोली सोडण्याआधी भिंती पुसून-रंगवून द्यायला. सगळे भाडेकरू तेच करतात. चपला हातात घेऊन उतरणं कशाला, तेही मग कळलं. तोंडावर सांगायची हिंमत नाही.

त्या दिवशी रात्री जेवताना त्यांनी मुलाला विचारलं, वरच्या खोलीला कोणी भाडेकरू बघून ठेवलाय का. मुलाचा घास तोंडापाशी थांबला. सून भराभर पाणी प्यायली. गेल्या काही दिवसांत मुलगा मागच्या खोलीचं दार लावून करवत चालवायचा आणि काय करतोस विचारलं तर गिऱ्हाइकाचं म्हणायचा. सगळं घर कसं फुगलेल्या दुधासारखं झालं होतं, आता उतू जाईल की मग. मावशींना वाटलं, ह्यांनाही माहीत आहे. मलाच सांगत नाहीत. बरं आहे.

आणि मग तो दिवस उजाडला.

मावशी दुकानात एका जुन्या सोफ्याचे पट्टे ताणत होत्या. समोरच्या न्हाव्याने ओरडून सांगितलं, मावशी, तुमच्या डोक्यावर काहीतरी येतंय. त्या बाहेर आल्या. वरच्या खिडकीतून एक प्रचंड चौकोनी वस्तू बाहेर डोकावत होती, चादरीत गुंडाळलेली, दारापेक्षा मोठी. जिन्याच्या वळणात मावली नसणार. खिडकीत लांबडी, तिच्या मागे चष्मेवाली, आणि दोघींच्या हातात कपडे वाळत घालायची दोरी.

म्हणजे खरंच निघाल्या. पहिलं सामान खाली आलं.

न्हावी हातात वस्तरा घेऊन दारात, त्याच्या मागे एका गालावर फेस असलेलं गिऱ्हाईक, शेजारचा चावीवाला, कोपऱ्यावरची फुलवाली, सगळी गल्ली माना वर करून उभी. वस्तू दोरीवर फिरायला लागली, चादर सुटायला लागली, आणि लांबडीचा चेहरा लालबुंद.

आता दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, पोरींनो, जाऊ नका. मावशी म्हणाल्या, "असं बांधतात? वस्तू आहे का बोकड आहे? थांबा तिथेच, सोडू नका."

आत जाऊन त्यांनी सोफ्याला लावायचा रुंद पट्टा आणला, गुंडाळीच्या गुंडाळी. एक टोक चावीवाल्याकडून वर फेकून घेतलं, खालून हुकूम सोडायला लागल्या. पट्टा मधून नको, खालून घे. गाठ नको मारू, आडवा फिरव. डावीकडची सैल सोड, तुझी डावी नाही, माझी. मुलगा धावत आला, सून धावत आली, फुलवालीने पण हात लावला. वस्तू इंचाइंचाने खाली येत होती, आणि मावशी मनात म्हणत होत्या, बघा, ज्यांना जायचंय त्यांचं सामानसुद्धा मलाच उतरवावं लागतंय. पण हातातला पट्टा त्यांनी जराही निसटू दिला नाही. अर्ध्या गालावर फेस असलेला माणूस टाळ्या वाजवायला लागला, तेव्हा त्याच्याकडे त्यांनी असं पाहिलं की फेस वाळला असेल.

वस्तू जमिनीला टेकली. जिन्यावर बटाट्यांची दोन पोती सुटली. लांबडी आणि चष्मेवाली अनवाणी, धापा टाकत दुकानात. वस्तू आत आणून भिंतीला टेकवलेली. मुलगा दाराकडे पाठ करून उभा, सून दोन्ही हात पदरात दाबून.

"कुठे न्यायचीय?" मावशींनी विचारलं.

"कुठेच नाही," लांबडी म्हणाली. "मावशी, ही तुमची आहे. तुमच्यासाठी केलीय आम्ही."

मावशींनी चादरीतला तो चौकोन ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. म्हणजे जाणार नाहीत. म्हणजे हे चित्र. म्हणजे ते खुर्चीखालचं, ते सगळं, ह्यांनी रंगवलं. कसं रंगवलं असेल? खोक्यांवर असतं तसं, हसायला येईल असं? छातीत एखादी स्प्रिंग सुटल्यासारखं झालं. चादर ओढायला हात पुढे गेला, आणि हातानेच ठरवलं की आधी दुसरं करू.

त्यांनी वस्तू उलटी केली.

कुठलीही वस्तू दुकानात आली की मावशी आधी तिची पाठ बघत. पुढून सगळेच छान दिसतात, असं त्या म्हणत. माणूस काय आणि खुर्ची काय, मागून कळतं. चादर पाठीकडून बाजूला झाली. लाकडी चौकट दिसली. कोपऱ्यातल्या सांध्यावर मावशींनी अंगठा फिरवला. तो सांधा त्यांनीच एकाला शिकवला होता, आणि तो एक आत्ता छताच्या पंख्याकडे टक लावून बघत होता.

"गिऱ्हाइकाचं काम होतं म्हणे," मावशी म्हणाल्या.

"गिऱ्हाईकच आहेस ना तू," मुलगा पंख्याला म्हणाला.

मग त्यांची नजर कापडावर गेली. आपलं कापड. ताग्यातलं. आणि ते चौकटीला कसं लावलं होतं, तर कागदाला मारतात त्या पिनांनी. कुठे दाट, कुठे विरळ, कडेला चुण्या, मध्ये झोळ. आत दुमडायला सोडलेली माया वरच्या बाजूला हातभर आणि खाली जेमतेम बोटभर. इतक्या चांगल्या कापडाचे असे हाल, आणि तेही त्यांच्याच डोक्यावरच्या खोलीत.

"हे असं ठेवायचं माझ्या दुकानात?" म्हणून त्यांनी चौकट टेबलावर पालथी टाकली, चादर तशीच तोंडाखाली, आणि चिमट्याने पिना उपसायला लागल्या. चष्मेवाली एक पाऊल पुढे आली. "मावशी, आधी एकदा पुढून..."

तेवढ्यात मावशींनी खिळ्यांची मूठ तोंडात टाकली.

झालं. सुनेने चष्मेवालीचं मनगट धरलं आणि मान हलवली. कायदा म्हणजे कायदा. लांबडीने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. मावशींचे हात मात्र सुटले होते. त्यांनी कापड मोकळं केलं, कडा चाचपल्या, आणि नेहमीच्या सवयीने माया चारही बाजूंना सारखी करून घेतली. वरून हातभर आत गेलेलं कापड अर्धं बाहेर सोडलं, खाली तेवढंच ओढून घेतलं आणि रंगाची बाजू आत राहील अशी कड दुमडून टाकली. बैठकीची पुढची कड, म्हणजे इथे खालची, नेहमी भरपूर आत वळवायची असते, हे त्यांना झोपेतसुद्धा येत होतं. ठक. ताण. ठक. लांबडी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती, चष्मेवालीने चष्मा काढून डोळे गच्च मिटले होते. मुलगा ओठ चावत होता. न्हावी आणि त्याचं गिऱ्हाईक आता दुकानाच्या आत आले होते, आणि त्यांनाही कायदा माहीत असल्याने श्वास रोखून उभे होते. दुकानात एवढी माणसं आणि आवाज फक्त हातोडीचा.

खरं सांगायचं तर मावशी हळूहळूच ठोकत होत्या. प्रत्येक खिळ्याने समोरची बाजू थोडी पुढे ढकलली जात होती.

शेवटी तोंड रिकामं झालं. कापडावर बोट आपटलं तर ढोलकीसारखं वाजलं. आता निमित्त उरलं नव्हतं. मावशींनी चौकट उचलली, भिंतीला टेकवली, आणि चादर खाली पडली.

देश तिथे होता.

तांबूस स्प्रिंगांचे डोंगर, एकावर एक वेढे घेत वर गेलेले, आणि त्यांच्या माथ्यांवर कापसाचं धुकं. डोंगरांमधून पिळाची नदी, सुतळीचा पीळ तिच्या पाण्यात दिसत होता, आणि तिच्यावर सोफ्याच्या गुंड्यांच्या होड्या. काथ्याचं जंगल तर असं की हात घातला तर बोटांना टोचेल. आभाळ म्हणजे ताणलेले पट्टे, आडवे-उभे विणलेले, आणि मधोमध ते खाली झुकलेलं, वर कोणीतरी बसल्यासारखं. त्याच्यात पितळी खिळ्यांची डोकी चमकत होती, चांदण्यांच्या जागी. पक्षी होते, लोखंडी चोचीचे, थव्याने.

मावशी जवळ गेल्या. लांब गेल्या. परत जवळ आल्या. एकेका गोष्टीवर बोट ठेवत होत्या, पण टेकवत नव्हत्या. "हे बरोबर," त्या म्हणत होत्या. "हे असंच. ही नदी इथे वळायचीच. तुम्हाला कसं कळलं ही इथे वळते?" त्यांचं त्यांनाच आठवत नव्हतं की त्यांनी सांगितलं होतं. गाल तापले होते. पायांना वाटत होतं पळावं, पण कुठे ते कळत नव्हतं. एवढ्या वर्षांत हा देश त्यांनी फक्त डोळे मिटून पाहिला होता. उघड्या डोळ्यांनी पहिल्यांदाच.

मग त्या थांबल्या. माथ्यावर एक पांढरी पट्टी होती, रंग नसलेली. आणि सगळे पक्षी, होड्यांतली बारकी माणसं, जंगलाच्या कडेची सशांसारखी पोरं, एकूण एक जण माना वाकवून खालच्या कडेकडे बघत होते. डोळे मोठे करून, तोंडं उघडी टाकून. आणि तिथे काहीच नव्हतं. जमीन होती, संपली.

"वरचं रंगवायचं राहिलंय," मावशी म्हणाल्या. आणि मग, जरा हळू, "आणि ही सगळी बघतायत कुणाकडे?"

गुरगुऱ्या कुठे आहे, हे त्यांनी विचारलं नाही. विसरल्या असतील. एवढं केलं ते काय कमी.

लांबडी चित्रापुढे गुडघे टेकून बसली. हसत होती की रडत होती, देव जाणे. "मावशी, ती तुमच्याकडे बघतायत. तुम्ही स्वतःलाच दुमडून आत ठोकलंय."

पहिल्यांदा हसला तो न्हावी. मग त्याचं गिऱ्हाईक, मग सून. ती इतके दिवस कोंडलेलं सगळं एकदम हसली. मावशी कोणाकडेच बघत नव्हत्या. चिमटा आधीच हातात आला होता. एवढ्या घाईने त्यांनी कधी स्वतःचे खिळे उपसले नव्हते. स्वतःचे खिळे त्यांनी कधी उपसलेच नव्हते. मुलाने चौकट धरली, चष्मेवालीने वरून कापड ओढलं, आणि खालची कड हळूहळू उलगडत पुढे आली.

आधी पंजे आले. खुर्चीच्या पायांसारखे, कोरीव, नखं बाहेर. मग आयाळ, काथ्याची, वाऱ्यावर उडालेली. दोन पितळी डोळे. गुरगुऱ्या जमिनीखालून झेप घेत वर येत होता, आणि त्याच्या पाठीवर, आयाळीत एक मूठ रोवून, मावशी. झगा लहान पोरीचा, गुडघे खरचटलेले, आणि अंबाडा आत्ताचा, पांढरा, अर्धा सुटलेला. एका हातात हातोडी. आणि ओठांतून खिळे सुटत होते, ठिणग्यांसारखे, लांबच लांब, आणि जिथे जिथे ते लागत होते तिथे आभाळाचा झोळ ताठ होत होता.

कोणी काही बोललं नाही. तोंडात खिळे नसूनही.

"पाय असेच होते," मावशी शेवटी म्हणाल्या. "असेच होते पाय."

पुढचं काम दुकानाने मिळून केलं. ह्या वेळी चित्र पुढून बघत, चष्मेवाली समोर उभी राहून डावं-उजवं सांगत, आणि मावशी तोंडात खिळे न धरता, हातात धरून ठोकत होत्या, कारण त्यांना सतत बोलायचं होतं. त्या बोलतच होत्या. फुलवालीला होड्या दाखवत होत्या, चावीवाल्याला पक्ष्यांच्या चोची. न्हाव्याच्या गिऱ्हाइकाने आभाळ असं का झुकलंय असं विचारलं तर, तुझ्यासारखा कोणीतरी वर बसलाय, असं सांगून मोकळ्या झाल्या. चित्र कुठे लावायचं ह्यावर मुलाने दर्शनी भिंत सुचवली, उंचावर. मावशींनी त्याला वेड्यात काढलं. हा देश मान वर करून बघायचा नसतो, खाली, जमिनीलगत लावायचा, म्हणाल्या. आणि पाठ टेकायच्या भिंतीवर नाही, तिच्या समोरच्या.

लावून झालं. आणि मग मावशी सगळ्या गल्लीदेखत दुकानाच्या फरशीवर पाठीवर आडव्या झाल्या. सून घाबरून पुढे धावली, पण त्यांनी हाताने थोपवलं. इथूनच बघायचं असतं, म्हणाल्या. लांबडी एका बाजूला आडवी झाली, चष्मेवाली दुसऱ्या. खालून गुरगुऱ्या अंगावरच झेपावत होता. मावशींचे पाय फरशीवर आपोआप हलत होते, टाच मारल्यासारखे.

दारात एक बाई येऊन उभी राहिली होती, हातात मोडक्या स्टुलाची गादी. सून वाकून म्हणाली, "आई, उठा. गिऱ्हाईक आलंय."

मावशींनी आभाळावरची नजर काढली नाही. "थांबू दे," त्या म्हणाल्या. "मी आत्ताच बसलेय."

सुनेने त्या बाईला चहा विचारला. मावशी अजून थोडा वेळ नदीच्या वळणापाशी हिंडल्या, डोंगर मोजल्यासारखे केले, आणि मग मान वळवून शेजारी पडलेल्या लांबडीकडे पाहिलं. तिच्या केसांत हिरवा रंग, कानावर तांबडा, आणि पाय अजून अनवाणीच.

"चित्र पास," मावशी तिला म्हणाल्या. "पिना नापास. आणि तू तर सगळ्यात नापास. मला वाटलं, निघालात. उद्यापासून चपला पायात घालून उतरायचं, आणि जिना असा वाजवायचा की माझी पाठ दुखली पाहिजे."